जग एक, उच्चार दोन

परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक प्रसंग हमखास घडतो. गणपती असो, दिवाळी असो की महाराष्ट्र दिन, मुलांच्या कार्यक्रमाशिवाय आपलं पान हलत नाही. सहा-सात वर्षांचं एखादं मूल झब्बा किंवा परकर-पोलकं सावरत माइकसमोर येतं, पाठ केलेलं भाषण म्हणू लागतं आणि मध्येच एक शब्द असा काही उच्चारतं की सभागृहात हशा पिकतो. त्यात दुष्टपणा नसतो. पहिल्या रांगेतले आजी-आजोबा कौतुकानं हसतात, आई मोबाइल धरून हसते, निवेदकही एखादी कोटी करतो. मूल तेवढं हसत नाही. आपण काय चुकलो हे त्याला कळलेलंच नसतं. चुकलो एवढंच कळतं, तेही शंभर माणसांसमोर.

मंडळी, माझी तक्रार आहे ती या हशाबद्दल. मी भाषातज्ज्ञ नाही. सुट्टीच्या दिवशी चार मुलांना जमवून मराठी वाचायला बसवणाऱ्या काकांपैकी एक आहे. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुलं ज्या उच्चारांवरून हसू ओढवून घेतात, त्यातले बरेचसे त्यांना पुस्तकातून कळण्याची सोयच नाही. आणि हसणाऱ्या आपण मोठ्यांनाही त्यांचं कारण सांगता येत नाही.

एका अक्षराची दोन तोंडं

साधा 'च' घ्या. 'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द मोठ्यानं म्हणून बघा. 'चार'मधला च म्हणताना जीभ टाळूला लागते, 'चारा'मधला म्हणताना ती दातांपाशी जाते. या लेखापुरता दुसऱ्या च ला खाली टिंब देऊन 'च़' म्हणू. चहा, चंद्र, चित्र, चिमणी यांत साधा च आहे. चमचा, चूल, चाक, चोर, चांगला यांत च़ आहे. ज आणि झ यांचंही तसंच. पाण्याचा 'जग' आणि आपण राहतो ते 'जग' लिहायला तंतोतंत सारखे, बोलायला वेगळे. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. आजीनं 'चमचा दे' म्हटलं, आपण दिला, एवढंच.

आता सिंगापुरात वाढणाऱ्या मुलाच्या जागी उभे राहा. त्याच्यासमोर देवनागरीत छापलेलं पान आहे. तिथे 'चार'चा च आणि 'चारा'चा च यांत काडीचाही फरक नाही. नऊ वर्षांच्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "काका, कुठला च म्हणायचा ते पुस्तकात कुठे लिहिलंय?" प्रश्न अगदी रास्त होता. पुस्तकात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मग नियम तरी सांगावा, तर तोही सरळ नाही. पुढे इ, ई किंवा य आला की बहुधा साधा च किंवा ज येतो. म्हणून 'माझा' म्हणताना जीभ दातांपाशी आणि 'माझी' म्हणताना टाळूला, 'त्याचा' एक तऱ्हेनं आणि 'त्याची' दुसऱ्या. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले चंद्र, चरण, जल, जन हे शब्द साध्या उच्चाराचे. पण 'राजा' आणि 'जग'ही संस्कृतातलेच, त्यांना मात्र आपण मराठी वळण दिलं. 'चार' तर अस्सल घरचा शब्द, तरी त्याचा च साधा, कारण जुन्या मराठीत तो 'च्यार' होता. लिहिण्यातून य गेला, उच्चारात त्याची खूण राहिली. एवढा पसारा नऊ वर्षांच्या मुलीला सांगून काय होणार? मुलांना 'लाज' या शब्दातला ज उशिरा कळतो, लाज मात्र लगेच कळते.

आपण स्वतः याच्या उलट बाजूला रोज उभे असतो. काळे, माने, मोरे, साने ही आडनावं रोमन लिपीत लिहिली की त्यांचं काय होतं ते त्या घरांतल्या मुलांना विचारा. शाळेच्या हजेरीत काळ्यांची 'केल' नावाची पालेभाजी होते, मान्यांचं 'मेन', सान्यांचं 'सेन'. तेव्हा आपण म्हणतो, शिक्षिकेचा काय दोष, स्पेलिंगवरून तिला कसं कळणार? अगदी बरोबर. मग तोच न्याय 'चमचा' वाचणाऱ्या मुलाला का नाही?

हिंदीचं बोट धरून आलेली मराठी

इथल्या शाळांत भारतीय मुलांना मातृभाषा म्हणून तमिळ घेता येते. त्याशिवाय बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भाषांची सोय आहे. मराठी या यादीत नाही. त्यामुळे आपली बहुतेक मुलं हिंदी घेतात आणि देवनागरीशी त्यांची पहिली ओळख हिंदीतून होते. हिंदीत च एकाच तऱ्हेचा, प्रमाण हिंदीत ळ नाही आणि ज्ञ म्हणजे 'ग्य'. मूल जे शिकलं ते प्रामाणिकपणे मराठीला लावतं. मग ज्ञानेश्वरांचे 'ग्यानेश्वर' होतात, टिळकांचे 'टिलक' होतात आणि 'चांगला चमचा' ऐकून आपल्या कपाळावर आठ्या येतात. यात आळस नाही, मराठीबद्दल अनास्था तर मुळीच नाही. एका भाषेचा अभ्यास नीट केल्याचा हा पुरावा आहे.

आणि 'ग्यानेश्वर' ऐकून हसणाऱ्यांनी थोडं आपल्या पायाखालीही बघावं. ज्ञ हे ज् आणि ञ यांचं जोडाक्षर. हिंदी माणूस त्याचं 'ग्य' करतो, गुजराती माणूस 'ग्न' करतो आणि आपण 'द्न्य' करतो. ज् आणि ञ तिघांनीही सोडले. संस्कृतचं माप लावायचं तर तिघंही नापास. ऋ हा मुळात स्वर. हिंदीत त्याचा 'रि' झाला, मराठीत 'रु'. 'रिषी' म्हणणाऱ्या मुलाला आपण 'रुषी' म्हणायला लावतो, तेव्हा त्याला शुद्ध उच्चार शिकवत नसतो, मराठी वळण शिकवत असतो. ते शिकवावंच. पण नाव तरी बरोबर द्यावं. ष आणि श यांतला फरक तर रोजच्या बोलण्यात आपल्यापैकी किती जण करतात?

'चिह्न' या संस्कृत शब्दातला ह आणि न यांची आपल्या जिभेनं अदलाबदल केली आणि 'चिन्ह' हा शब्द मराठीच्या कोशात रीतसर जाऊन बसला. कधीकाळी तीही कुणाची तरी 'चूक'च असणार. फार लांब कशाला, आपण राहतो त्या शहराचं नाव घ्या. सिंहपुराचं मलाय जिभेवर 'सिंगापुरा' झालं, कारण त्या भाषेत सिंहाला 'सिंगा' म्हणतात. आपण 'सिंह' लिहितो आणि 'सिंव्ह' म्हणतो. एका प्राण्याच्या नावाचे तीन भाषांत तीन उच्चार झाले, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.

गणपतीच्या आरतीत तर मोठमोठी माणसं 'फणिवर'चं खुशाल 'फळीवर' करतात आणि 'संकटी'चं 'संकष्टी'. वर्षानुवर्षं, टाळ्या वाजवत, डोळे मिटून. तिथे कुणी हसत नाही, कुणाला ओशाळं वाटत नाही. कारण तिथे सगळे मिळून म्हणतात. लाज ही एकट्यानं उभं राहणाऱ्यालाच वाटते.

हशाचं मूळ गाव

ही हसण्याची सवय आपण विमानातून बरोबर आणली आहे. 'आनी', 'पानी', 'कोन' म्हणणाऱ्याला महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या 'अशुद्ध' ठरवलं गेलं. खेड्यातून शहराच्या शाळेत आलेल्या कितीतरी मुलांनी न आणि ण यांच्या भीतीनं वर्गात हात वर करणं सोडलं. त्यातल्या हुशारांनी घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असा दुहेरी संसार केला. 'पानी' म्हटल्यानं कुणाला प्यायला भलतंच मिळालं असं कधी झालेलं नाही. अर्थ पोचत होताच. हसणाऱ्याला हवी होती ती बोलणाऱ्याच्या गावाची आणि जातीची ओळख, ती त्या एका न वरून मिळत होती. 'शुद्ध' हा शब्द भाषेबद्दल वापरताना म्हणूनच मला अडखळायला होतं. 'प्रमाण' म्हणावं, ते नेमकं आहे.

खानदेशात आणि वऱ्हाडात ळ चा य होतो. डोळ्यांचे 'डोये' होतात, काळ्याचा 'काया' होतो. बहिणाबाई चौधरींची (1880–1951) बोली हीच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता मुलानं, सोपानदेवांनी जपल्या आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 1952 साली त्या पुस्तकरूपानं आल्या. तेव्हापासून मराठी माणूस त्या डोक्यावर घेऊन नाचतो आहे. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. पण त्याच बोलीत बोलणारं पोर आज एखाद्या वक्तृत्व स्पर्धेत उभं राहिलं, तर परीक्षक उच्चाराचे गुण कापतील की नाही? विचार करा.

आपल्या मंडळांतही हे मुकाट्यानं चालू असतं. नागपूर, नांदेड, कोल्हापूर, चिपळूण अशा चारी दिशांनी माणसं आलेली असतात. त्यातली काही उत्तम बोलणारी माणसं निवेदनाला नको म्हणतात. कारण विचारलं की सांगतात, "आमचं मराठी गावाकडचं आहे हो." इथे येऊन पाच-पन्नास जणांसमोर इंग्रजीत प्रेझेंटेशन देणारा माणूस मराठीत बोलायला बिचकतो. हे वाईट वाटण्यासारखं आहे.

इथलाही अनुभव तोच

सिंगापूरनंही हे प्रकरण आपल्या परीनं अनुभवलं आहे. फुआ चू कांग हा टीव्हीवरचा कंत्राटदार जुन्या मंडळींना आठवत असेल. पिवळे गमबूट घालून तो झकास सिंग्लिश बोलायचा आणि घराघरांत लाडका होता. 1999 साली राष्ट्रीय दिनाच्या सभेतल्या भाषणात पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी त्याच्या इंग्रजीबद्दल काळजी व्यक्त केली, त्याला इंग्रजीच्या वर्गाला पाठवायची सूचना वाहिनीला केली आणि वाहिनीनं ती मानली. 2000 साली चांगल्या इंग्रजीची सरकारी मोहीम सुरू झाली. सरकारची काळजी खोटी नव्हती. छोट्या देशाला जगाशी व्यापार करायचा, तर जगाला कळेल असं बोलता यायला हवं. पण सिंग्लिश काही गेली नाही. 2016 साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशानं तिच्यातले आणखी काही शब्द दाखल करून घेतले. हॉकर सेंटरमध्ये आजही 'थ्री'चं 'ट्री' होतं आणि कुणी खाली मान घालत नाही. तोच माणूस कचेरीत गेला की वेगळं बोलतो. दोन्ही त्याचीच, कुठलं कुठे वापरायचं हे त्याला ठाऊक.

नव्यानं आलेला आपला माणूस टॅक्सीत बसून 'क्लार्क क्वे' म्हणतो. चालक आरशातून बघतो आणि म्हणतो, "ओह, क्लार्क की!" टँपनीजचं 'टँपाइन्स' होतं. घरी मुलं बाबांच्या इंग्रजीवर डोळे फिरवतात. बाबा 'रिसीट'मध्ये प उच्चारतात, 'कबर्ड'ला 'कपबोर्ड' म्हणतात, व्ही आणि डब्ल्यू एकाच मापानं मोजतात. मित्रांसमोर मुलानं "बाबा, इट्स नॉट लाइक दॅट" म्हटलं की बाबांना काय वाटतं? ते पुढच्या वेळी त्या मित्रांशी कमी बोलतात. मुलांच्या मराठीचं हेच होतं, आणि त्यांच्याकडे तर सोपी पळवाट असते. ती इंग्रजीत उत्तर देतात. अर्थ तोच, धोका शून्य. एका कार्यक्रमात हशा झाल्यावर पुढची दोन वर्षं स्टेजवर न चढलेला एक मुलगा मी पाहिला आहे. आजही तो आजीशी फोनवर 'हो' आणि 'नाही' एवढंच मराठीत बोलतो.

मग सुधारायचंच नाही का?

सुधारायलाच हवं. 'काहीही म्हणा, चालतं' हे माझं म्हणणं नाही. ल आणि ळ यांत फरक केला नाही तर मराठीत खरोखर घोटाळा होतो. काल आणि काळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ, गाल आणि गाळ, नाल आणि नाळ, मूल आणि मूळ या जोड्या बघा. प्रमाण मराठी शिकणाऱ्या मुलाला ळ यायलाच हवा. दोन च आणि दोन ज यायला हवेत, कारण मराठीचा नाद त्यांच्यात आहे. ष आणि ऋ यांच्या मागे हात धुऊन लागण्याची घाई मात्र नको. आधी काय आणि नंतर काय हे ठरवलं, तर निम्मी कटकट संपेल.

आणि मुलांना हे आवाज जमत नाहीत हा समज पहिल्यांदा सोडून द्या. या शहरात ते रोज कानावर पडतात. तमिळमध्ये ळ आहे. इथले तमिळभाषक डॉलरला 'वेळ्ळि' म्हणतात आणि शाळेला 'पळ्ळि'. आपला च़ तर मँडरिनमध्ये जागोजागी भेटतो. शेजारची आज्जी निरोप घेताना जे 'च़ाय-च्येन' म्हणते, त्यात पहिला आवाज जवळजवळ 'चमचा'तला आणि दुसरा जवळजवळ 'चार'मधला. मुलं ते खेळाच्या मैदानावर सहज म्हणतात. 'त्सुनामी' म्हणताना त्यांची जीभ कुठे असते ते विचारा, तिथेच 'चूल' आहे. माझ्या वाचनाच्या मुलांना ही युक्ती सांगितल्यावर दोन आठवड्यांत च़ वरचं भांडण संपलं. जीभ तयारच होती. कानाला मराठी कमी पडत होती.

तेव्हा ती कानाला पुरवणं हाच उपाय. मुलानं 'चमचा' हिंदीच्या च नं मागितला, तर थांबवून धडा देऊ नका. "हा घे च़मच़ा, मोठा च़मच़ा हवा की लहान?" एवढं म्हणा आणि द्या. बरोबर उच्चार त्याच्या कानावर दोनदा पडला, वाक्य तुटलं नाही, अपमान झाला नाही. कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस मुलाकडून भाषण म्हणून घ्या, अडणाऱ्या शब्दांच्या च ला पेन्सिलनं टिंब द्या. वाचायला एकेकट्याला उभं करण्याआधी सगळ्यांना मिळून म्हणू द्या, आरतीसारखं. आजी-आजोबांना फोनवर गोष्ट सांगायला सांगा, परीक्षा घ्यायला नको. आणि परीक्षकांनो, उच्चाराचे गुण ठेवा, पण मूल कुठल्या भाषेतून आणि कुठल्या बोलीतून आलं आहे हे विचारात घेऊन ठेवा.

ज्यांना चुका काढल्याशिवाय चैनच पडत नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. माइकवर बोलणाऱ्या मोठ्यांकडे बघा. 'पारंपरिक'चं 'पारंपारिक', 'उत्कृष्ट'चं 'उत्कृष्ठ', 'सहस्र'चं 'सहस्त्र', 'अनसूया'ची 'अनुसूया', 'कोट्यधीश'चं 'कोट्याधीश' तिथे सर्रास होतं. हे शब्द कोशात जसे आहेत तसे छापलेले सापडतात, बघायला एक मिनिट लागतं. आणि ती माणसं चाळिशी ओलांडलेली असतात, थोडं हसू त्यांना पचेल.

मुलांच्या बाबतीत एवढंच लक्षात ठेवावं. चुकीचा उच्चार पुढे कधीही सुधारता येतो, त्यासाठी मूल बोलत राहावं लागतं. इथे त्याला मराठी बोलण्याची सक्ती नाही. शाळेला ती नको आहे, मित्रांना कळत नाही, नोकरीत कुणी विचारणार नाही. तरीही ते आपल्यासमोर उभं राहून मराठीत बोलतं आहे, ते केवळ आपल्यासाठी. तर येत्या कार्यक्रमात एखाद्या मुलानं 'जग' म्हणताना पाण्याचा जग आणला, तर शेजारच्याला कोपर मारू नका. शेवटपर्यंत ऐका, टाळ्या वाजवा, आणि नंतर जेवणाच्या रांगेत त्याच्याशी दोन वाक्यं मराठीत बोला. त्यात तो शब्द एकदा तरी येऊ द्या.